उतारवयातील एक छंद व एक प्रायश्चित्त

सेवानिवृत्त गृहस्थ हा एकत्र कुटुंबापुढील एक अवघड प्रश्न असतो. जो मनुष्य तीन तपे सकाळी दहाच्या ठोक्याला घराबाहेर पडत आला, तो एके दिवशी घरातच बसून राहतो. आणि मग आमटीला फोडणी उशिरा का पडली, नातवाने अक्षर गिरवताना मान वाकडी का केली, गड्याने वैरण कोठे सांडली, या सर्वांवर त्याचे बारीक लक्ष जाऊ लागते. माझेही तसेच झाले. माध्यमिक शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत व मराठी शिकवून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी चकलांब्यास घरी परतलो, आणि दोन महिन्यांच्या आतच मंडळी मला टाळू लागली आहेत हे माझ्या ध्यानात आले. आमचे वडील बंधू स्पष्टवक्ते. एके रात्री जेवणे आटोपल्यावर ते म्हणाले, "अरे, शाळा सुटली आता. घरात वर्ग भरवू नकोस. काहीतरी उद्योग लावून घे."

उद्योग चालून आला तो दिवाळीत. पुण्याचा पुतण्या आला होता. त्याने स्वतःसाठी नवा कॅमेरा घेतला होता, जुना कॅमेरा चारशे मिलिमीटरच्या लांब लेन्ससह माझ्या हाती ठेवून तो म्हणाला, "काका, पाखरांचे फोटो काढा. पाखरे उलट उत्तर देत नाहीत." सर्व मंडळी हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातील कडुनिंबावर एक कोतवाल बसला होता, त्याचे एक छायाचित्र सहज म्हणून टिपले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते मोठे करून पाहतो तो कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी एक लहानसा पांढरा ठिपका! हा पक्षी मी जन्मापासून पाहत आलो आहे. म्हशीच्या पाठीवर पाहिला, विजेच्या तारेवर पाहिला, विहिरीच्या कठड्यावर पाहिला. परंतु तो ठिपका मला ठाऊक नव्हता. विद्यार्थ्यांना 'नीट पाहा' म्हणून छत्तीस वर्षे बजावणाऱ्या मनुष्याने स्वतः काय पाहिले, असा प्रश्न मनात आला, आणि त्या क्षणी मला हा छंद जडला असे म्हणावयास हरकत नाही.

याहून अधिक संकोच वाटावा असा प्रसंग पुढील ज्येष्ठात आला. 'मेघदूत' शिकविताना चातकाचा उल्लेख आला की मी मोठ्या रसाने विवेचन करीत असे; परंतु चातक नावाचा खराखुरा पक्षी आहे, त्यास भूक आहे, घरप्रपंच आहे, याचा विचार माझ्या मनास कधी शिवला नव्हता. पैठणहून निघणारा गोदावरीचा उजवा कालवा आमच्या गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. पहिला पाऊस पडण्यापूर्वी अशाच एका बाभळीवर मला एक काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी दिसला. छायाचित्र काढून घरी आलो व मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षीकोशा'त शोधले, तो हाच चातक! केवळ पावसाच्या थेंबांवर जगणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या चोचीत माझ्या छायाचित्रात एक केसाळ सुरवंट लोंबत होता. पुढे वाचनात आले, की चातकांचा एक मोठा थवा मोसमी वाऱ्यांच्या पाठोपाठ आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो, आणि कोकिळेप्रमाणे हा पक्षीही आपली अंडी दुसऱ्याच्या, बहुधा सातभाईंच्या, घरट्यात घालतो. कवींनी खोटे सांगितले असे मात्र मी म्हणणार नाही. पावसाची वर्दी तो खरोखरच आणतो. एवढेच, की येताना भुकेलेलाही असतो.

संस्कृताच्या अभ्यासकास या छंदात असा दुहेरी आनंद आहे. मृच्छकटिकापासून सुभाषितांपर्यंत ज्यांची नावे आपण नुसती घोकली, ते पक्षी एकामागून एक समोर येऊन बसू लागतात. चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी हा मार्ग आपल्यासाठी मळून ठेवला आहे. वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात काढलेल्या या गृहस्थाने संस्कृत ग्रंथ व रानातील माणसांची बोली या दोहोंतून पक्ष्यांची नावे गोळा केली. के. एन. दवे यांचा संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. तोही जिज्ञासूंनी अवश्य चाळावा.

थंडीच्या दिवसांत आम्ही पैठणच्या नाथसागरावर जातो. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरण बांधले गेले ते शेतीसाठी. परंतु जलाशय पसरट व उथळ असल्यामुळे पाणी ओसरू लागले की काठाकाठाने दलदल उघडी पडते, तीत किडे, शंखशिंपले व पाणवनस्पती विपुल असतात, आणि दूरदेशीची पाखरे तेथे उतरतात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथेच मी प्रथम चक्रवाकाचे जोडपे पाहिले. लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच प्रदेशांत त्यांची वीण होते व हिवाळ्यात ती आपल्याकडे येतात. रात्री ही जोडी विलग होते व एकमेकांस हाका मारीत राहते असा कविसंकेत आहे. हे पक्षी रात्रीही चरतात व चरताना एकमेकांना साद घालीत असतात. काठावरून अंधारात ती साद ऐकणाऱ्या एखाद्या रसिकास विरहाची कल्पना सुचली असल्यास नवल नाही. हिमालयाच्या माथ्यावरून उडत येणारा पट्टकादंब हंसही तेथेच भेटला. त्याच्या डोक्यावरील दोन काळे पट्टे छायाचित्रात स्पष्ट उमटले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनीही प्रथमच "बरे आलेय" असा अभिप्राय दिला.

ज्या निवृत्त बांधवांस हा छंद करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी अनुभवाने सांगतो. आरंभीच मोठा खर्च करू नये. सहा महिने साधी दुर्बीण व एक वही एवढ्यावर काढावेत. पाखरांच्या सवयी कळल्यावाचून कॅमेऱ्याचा उपयोग नाही. छायाचित्रणाचे सारे गणित तीन गोष्टींचे आहे: लेन्सचे छिद्र किती उघडायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे व कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनक्षमता किती ठेवायची. बसलेल्या पक्ष्यास सेकंदाचा पाचशेवा भाग बहुधा पुरतो; उडत्या पक्ष्यास दोन हजारावा भाग लागतो, नाहीतर पंखांच्या जागी नुसता धूर दिसतो. सूर्य आपल्या पाठीशी असावा. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास उत्तम. तो प्रकाश मऊ असतो व त्या वेळी पाखरेही चरण्यात गुंतलेली असतात. पक्षी जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर बसावे, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर यावे. वरून काढलेले चित्र पोलीस ठाण्यातील नोंदीसारखे दिसते. लांब लेन्सचे वजन म्हाताऱ्या मनगटास पेलत नाही. त्यासाठी आमच्या घरी ज्वारी भरलेली एक पिशवी शिवून दिली आहे. ती बांधावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकविली की हात थरथरला तरी चित्र हलत नाही. बीड जिल्ह्यातील मंडळींस दूर जाण्याचेही कारण नाही. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झाले आहे, आणि तेवढेही जमले नाही तर अंगणातील कडुनिंब आहेच.

येथवर सर्व गोड झाले. परंतु ज्या कारणास्तव हा लेख लिहावयास बसलो ती गोष्ट गोड नाही, आणि ती सांगितल्यावाचून छंदाची नुसती स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तिसऱ्या वर्षी चैत्राच्या अखेरीस कालव्याजवळच्या मुरमाड माळावर मला टिटवीची अंडी आढळली. टिटवी घरटे असे बांधतच नाही. जमिनीवरील किंचित खोलगट जागेत चार खडे लावते व त्यांतच मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी घालते. चार अंडी होती, टोके आत करून नीट मांडलेली. आमच्याकडे टिटवीने अंडी उंचावर घातली की सखल भागात, यावरून पाऊसपाण्याचे अंदाज बांधतात, म्हणून ती जागा गुराख्यांना आधीच ठाऊक होती. पक्षिछायाचित्रणाच्या इतिहासावर मी नुकतेच काही वाचले होते. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर जे पुस्तक काढले त्यातील सर्व चित्रे प्रत्यक्ष छायाचित्रे होती, आणि पाखरांच्या जवळ जाता यावे म्हणून त्यांनी पुढे बैलाचे कातडे चढवून एक पोकळ बैल तयार केला व आत लपून ते छायाचित्रे काढीत. मला वाटले, आपण बैल नव्हे तर निदान गोणपाटाचे लपण तरी करावे. घरट्यापासून सात-आठ पावलांवर चार काठ्या रोवल्या, गोणपाट गुंडाळले आणि सकाळी दहापासून साडेबारापर्यंत आत बसून राहिलो.

टिटवी अंड्यांवर बसली नाही. ती माझ्या डोक्यावरून घिरट्या घालीत, ओरडत राहिली; मध्येच समोर उतरून पंख पसरी, शेपटी फाकवून लंगडल्यासारखी चाले व पुन्हा उडे. ऊन रणरणत होते. मी घामाने भिजलो होतो. परंतु आनंदात होतो, कारण असे चित्र मला तोवर मिळाले नव्हते. पंख पूर्ण पसरलेले, चोच उघडी, डोळ्यांभोवतीची तांबडी किनार उन्हात चमकणारी. ते चित्र मी मोबाइलवर पक्षिप्रेमी मंडळींस पाठविले. "काय तेज आहे!", "जिवंत चित्र!" असे अभिप्राय दूरदूरहून आले. वडील बंधूंनी ते चौकट करून माजघरात लावविले, आणि येणाऱ्या पाहुण्यास ते आपण होऊन दाखवू लागले.

दहा-बारा दिवसांनी पिले पाहावीत म्हणून मी माळावर गेलो. अंडी तशीच होती. एकास चीर गेली होती व तिच्यातून मुंग्यांची रांग चालली होती. टिटवी आसपास नव्हती. जवळच एक वयस्क धनगर मेंढरे घेऊन बसला होता. त्याने मला हाक मारली व म्हणाला, "गुर्जी, ती त्या दिशी उगंच वरडत नव्हती. उनाच्या वक्ताला ती पाण्यात पोट भिजवून येती अन् अंड्यावर बसती. तुमी हितं दडून बसलाव, मंग ती बसंल कशी? अंडी उनानं शिजली."

मी त्यास काही उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन पुस्तके काढली. धनगर बोलला ते अक्षरशः खरे होते. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते व त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. भर दुपारी आपल्या देहाची सावली अंड्यांवर धरून उभी राहते. अंड्यांतून पिलू बाहेर येण्यास सुमारे चार आठवडे लागतात, आणि त्या काळात ऐन उन्हात अडीच तास अंडी उघडी पडणे म्हणजे काय, हे समजण्यास फार विद्वत्ता नको. ज्यास लोकांनी तेज म्हटले होते ते त्या पक्षिणीचे भय होते. माजघराच्या भिंतीवर आम्ही एका आईचा आक्रोश चौकटीत बसवून लावला होता.

पुढे हेही वाचनात आले, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांस अथवा घरट्यांस उपद्रव देणे याचाही समावेश आहे. वाल्मीकींचा शोक ज्या व्याधाच्या बाणाने श्लोकरूप झाला, त्या व्याधाविषयी मी छत्तीस वर्षे वर्गात तावातावाने बोलत आलो. आता कायद्याच्या अक्षराप्रमाणे मी त्याच्याच पंक्तीस बसलो होतो. त्याच्यापाशी निदान भुकेचे निमित्त असेल. माझ्यापाशी तेही नव्हते. पंचतंत्रात समुद्राने टिट्टिभाची अंडी नेली व शेवटी त्यास ती परत करावी लागली. मला ती परत करता येत नव्हती.

आपल्या देशातील पक्षिशास्त्राचे पितामह सालिम अली (१८९६-१९८७) यांची हकीकत अशा वेळी आठवते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ती कोणती, हे विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांचा जन्माचा मार्ग ठरला. मारण्यापासून आरंभ होऊनही मनुष्य राखणारा होऊ शकतो, एवढा धीर मी त्या गोष्टीतून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती चौकट उतरविली. वडील बंधूंनी कारण विचारले, तेव्हा घरातील मुलेबाळे जमवून सर्व वृत्तांत सांगितला. आयुष्यभर इतरांच्या चुका तांबड्या शाईने दाखविणाऱ्या मनुष्यास आपली चूक नातवंडांपुढे वाचून दाखविणे सोपे नव्हते. बंधू काही वेळ गप्प राहिले व म्हणाले, "मग आता प्रायश्चित्त काय घेणार?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नुसता राखणीस बसेन."

पुढच्या वर्षी त्याच माळाच्या कडेला, एका शेताच्या तुकड्यात, टिटवीने अंडी घातली. ते शेत नांगरण्याचे ठरले होते. मी शेतकऱ्याच्या घरी गेलो. ट्रॅक्टर भाड्याने सांगितलेला, दिवस ठरलेला, आणि एका पाखरासाठी खोळंबा करणे त्यास परवडणारे नव्हते. हे मलाही पटत होते. शेवटी अंड्यांभोवती चार हात जागा सोडून नांगर फिरवावा, असे ठरले. त्याच्या पत्नीनेच तेथे चार खुणेच्या काठ्या रोवल्या. नांगर फिरत असता टिटवी उठली, ओरडली आणि ट्रॅक्टर दूर जाताच परत येऊन बसली. मी कालव्याच्या भरावावरून, सुमारे दीडशे पावलांवरून, रोज सकाळी अर्धा तास दुर्बिणीतून पाहत असे. कॅमेरा घरी ठेवीत असे. दुपारच्या उन्हात एकदा तिला कालव्याच्या पाण्यात बसून उठताना पाहिले. पोटाची पिसे चिकटलेली, पाणी ठिबकत आहे, आणि ती सरळ अंड्यांकडे निघाली. धनगराचे वाक्य माझ्या डोळ्यांसमोर घडत होते.

सव्विसाव्या दिवशी सकाळी तेथे तीन पिले चालत होती. चौथे अंडे उबले नाही. टिटवीची पिले अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात पायांवर उभी राहतात व आईमागे चालू लागतात. ती दिसली तेवढी भाग्याची. त्या दिवशी मी कॅमेरा नेला होता. भरावावरूनच, पुढे एकही पाऊल न टाकता, एक छायाचित्र काढले. त्यात बहुतेक सर्व नांगरलेली काळी जमीन आहे, मध्ये चार काठ्या आहेत, आणि काठ्यांच्या जरा पलीकडे नखाएवढी टिटवी. पिले तर ढेकळांत ओळखूही येत नाहीत. कोणत्याही स्पर्धेत हे चित्र पहिल्या फेरीतच बाद होईल. माजघरात आता तेच लावले आहे. नातवंडे पाहुण्यांस जवळ नेऊन बोट ठेवून पिले दाखवितात, आणि पाहुण्यांस ती दिसेपर्यंत सोडीत नाहीत.

तेव्हा या छंदाकडे वळू इच्छिणाऱ्या समवयस्कांस माझी हात जोडून विनंती आहे. घरट्यावरील पक्ष्याचे छायाचित्र काढू नये. छायाचित्रांच्या अनेक स्पर्धाही आता अशी चित्रे स्वीकारीत नाहीत. अंडी-पिलांची जागा कोणास कळवू नये. पक्ष्याने चरणे थांबवून मान वर केली की आपण फार जवळ आलो असे समजावे व तेथेच थांबावे. तो ओरडू लागला तर परत फिरावे. चित्र हुकले तर हुकू द्यावे. आपल्यापाशी आता दुसरे काही नसले तरी वेळ आहे; घाई करण्याचे वय मागे पडले.

पूर्वी गृहस्थाश्रम आटोपल्यावर वानप्रस्थ सांगितला होता. आज घरदार सोडून रानात जाणे कोणास शक्य नाही व ते इष्टही नाही. परंतु पहाटे रानात जावे, तेथे कोणासही आज्ञा न करता दोन तास बसावे आणि जेवणाच्या वेळी घरी यावे, एवढा वानप्रस्थ आपल्या आवाक्यातील आहे. पाखरांपुढे गप्प बसण्याची सवय लागली, ती हळूहळू घरातही उपयोगी पडली. आमटीला फोडणी केव्हा पडते हे हल्ली मला कळत नाही, आणि वेळेवर पडत असावी असा माझा समज आहे. वडील बंधूंनी परवा विचारले, "अरे, तुला बोलून किती दिवस झाले?" मी खिडकीबाहेर बोट दाखविले. कडुनिंबावर कोतवाल बसला होता.